भिंगरीला महिनाअखेरच्या आत घर हवंय

दोडामार्गातलं माझं भाड्याचं घर या महिन्याच्या शेवटी रिकामं करून द्यायचं आहे. पुढे मुंबईत वाट्याला येणार ती एकच खोली, तिसऱ्या मजल्यावर. भिंगरी तिथे राहू शकत नाही. म्हणून कळकळीने विचारते, तिला कुणी घर देता का?

दीड वर्षाची गावठी कुत्री, तांबूस अंग, तोंड काळसर. काजूचा हंगाम सरत आला होता तेव्हा तिळारीच्या बाजूला एका बागेच्या कडेला ती सापडली, रानडुकरासाठी लावलेल्या फासकीत. क्लचवायर कमरेत रुतलेली. सुटायला ती जसजशी धडपडत होती तसतशी तार आवळत होती. आम्ही दोघांनी तिच्या डोक्यावर पोतं टाकलं आणि पक्कडीने तार तोडली. तेवढ्या वेदनेतही ती चावली नाही. जखम भरायला दीड महिना गेला. आज त्या जागी केस नाहीत, कमरेभोवती बोटभर पांढरा पट्टा उरलाय.

बरी झाली आणि मग तिचं नाव ठरलं. पहाटे पाचला ती नारळाची करवंटी तोंडात घेऊन येते, माझ्या पायांवर टाकते आणि शेपटीसकट सगळं अंग हलवत उभी राहते. चार फुटी चिऱ्याचा गडगा ती धाव न घेता ओलांडते. सकाळ-संध्याकाळ तासभर पळाली की दुपारी पायरीवर गपगार झोपते. एक दिवस जरी पळणं चुकलं तरी परसातली माती उकरून ठेवते. शेजारच्या काकी पहिल्याच आठवड्यात म्हणाल्या, "ही दावणीक रवाची नाय." खरं बोलल्या.

दोन घरांनी तिला नेलं आणि परत आणून सोडलं. एका घरी दिवसभर साखळीला बांधली, तर रात्रभर भुंकली. दुसऱ्या घरी लहान पोरावर लाडाने उडी घेतली, पोर पडलं. आईबाप घाबरले, त्यांना मी दोष देत नाही. हेही सांगून ठेवते, मोकळ्या कोंबड्यांमागे ती लागते, एक कोंबडी तिने मारली आहे. त्यामुळे अंगणात कोंबड्या किंवा घरात दहा वर्षांखालची मुलं असतील तर कृपया नेऊ नका. तिसऱ्यांदा परत आली तर ठेवून घ्यायला मी इथे नसेन.

बागेच्या राखणीला पुष्कळ जण मागतात. ज्या कुळागरात माणसं राहतात आणि दिवसा माकडं हाकायची आहेत, तिथे ती आनंदाने राहील. रात्री मात्र तिला घरात घ्यायला हवं, कारण बांधलेलं कुत्रं बिबट्याला आयतंच सापडतं. केर, मोर्ले, हेवाळे या हत्तीच्या वाटेवरच्या गावांत मी तिला देणार नाही. हत्ती दिसला की कुत्रं भुंकत अंगावर जातं आणि हत्ती फिरला की धावत धन्याकडेच येतं. ती जोखीम माणसाच्या जिवाची आहे.

"सोडून दे रानात, जगेल," असंही ऐकलं. सांभाळलेला प्राणी उपासमार होईल असा सोडून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. शिवाय ते रान तरी कुठलं? २०२० साली तिळारीचं २९.५३ चौरस किलोमीटर जंगल संवर्धन राखीव म्हणून जाहीर झालं. गावातल्या कुत्र्यांचा डिस्टेंपर तिथल्या कोळसुंद्यांपर्यंत पोचू शकतो. आणि फासक्या अजून लागतात.

तिची नसबंदी झाली आहे. रेबीजची लस आणि इतर लसी टोचल्या आहेत, कार्ड सोबत देईन. रेबीजची लस दरवर्षी टोचायची. गोचिडांचं औषध वेळच्या वेळी, पावसाळ्यात तर चुकवूच नका. खायला भात, उकडलेली अंडी, काटे काढलेले मासे, काहीही चालतं.

सावंतवाडी, बांदा, कुडाळ किंवा सीमेपलीकडे डिचोली, सांखळी, म्हापसा, कुठेही मी स्वतः आणून पोचवीन. त्याआधी एकदा घर बघेन आणि दोन दिवस सकाळी तुमच्यासोबत तिला पळवायला येईन. पैसे नकोत. रोज चालणारा किंवा पळणारा माणूस घरात असावा, कुंपण असावं आणि रात्री दार उघडं मिळावं.

हा कागद ज्याने तुमच्या हातात दिला त्याच्याकडेच निरोप ठेवा, संध्याकाळपर्यंत माझ्याकडे पोचतो. स्वतः नेणं जमत नसेल तर ओळखीत कोण पहाटे धावायला जातं, कुणाचं कुत्रं नुकतंच गेलंय, त्यांना आजच विचारा. तिची गोधडी आणि ती करवंटी मी बांधून ठेवली आहे.