शेपटीचे सहा ग्रॅम

मागच्या खेपेला आपण घरच्या घरी भिंगरी केली होती. आज जरा वर उडू या. फोमच्या, रिमोटवर उडणाऱ्या विमानात आपल्या हाताने बदल कसे करायचे, ते सांगणार आहे. त्याआधी एक कबुली देते. या गोष्टीत दोन अपराधी आहेत आणि त्यातली एक मी आहे.

दिवाळीच्या सुट्टीला बारा दिवस राहिले होते. शाळा सुटल्यावर मी वह्या तपासत बसले होते, तेवढ्यात दारात एक मुलगा येऊन उभा राहिला. चौथीपर्यंत माझ्याच वर्गात होता, आता सहावीत आहे. त्याचं खरं नाव सांगत नाही, आपण त्याला ‘पायलट’ म्हणू. हातात कापडी पिशवी आणि चेहरा एवढासा.

‘‘बाई, एक काम होतं. पण घरी सांगू नका.’’

‘‘आधी पिशवी उघड, मग ठरवू,’’ मी म्हटलं.

पिशवीत विमान होतं. पंख हाताएवढे लांब, प्रत्येक पंखावर एक छोटी मोटर आणि पंखा. पण नाकाचा भाग मोडून वेगळा झालेला. विमान पायलटचं नव्हतंच मुळी! ते त्याच्या दादाचं. दादा तालुक्याला वसतिगृहात राहून शिकतो. उन्हाळ्यात दोन महिने घरोघर पेपर टाकून त्याने पैसे जमवले आणि हे विमान घेतलं. जाताना खोक्यात घालून कपाटावर ठेवलं आणि धाकट्याला बजावलं, ‘‘हात लावायचा नाही.’’

आणि धाकट्याने काय केलं? हात तर लावलाच, वर ‘सुधारणा’ही केली. लढाऊ विमानासारखं दिसावं म्हणून पोस्टर कलरचे जाड थर दिले. पंखांवर खाकी चिकटपट्टी लावली. शेपटीवर पुठ्ठ्याचा भलामोठा उभा पंख आणि वर चकचकीत स्टिकर. मग मैदानात नेऊन उडवलं. विमान नाक वर करून ताठ उभं राहिलं, क्षणभर हवेत थांबलं आणि दाणकन नाकावर आपटलं.

‘‘दादा यायच्या आत चिकटवून द्या ना बाई! त्याला कळणारही नाही.’’

इथे मी चुकले. ‘‘आधी दादाला सांग’’ म्हणायचं सोडून मीच उत्साहात कपाटातला पिवळा, उग्र वासाचा, चपला चिकटवायचा गोंद काढला आणि मोडलेल्या भागावर छान पसरून लावला. अर्ध्या मिनिटात फोम चिरचिरायला लागला. बघता बघता विरघळला आणि लिंबाएवढा खड्डा पडला! पायलट माझ्याकडे बघतोय आणि मी गोंदाच्या नळीकडे. वर्गात ‘आधी तपासा, मग करा’ असं रोज सांगणारी मीच ना!

असं का झालं? विमानांना वापरतात तो फोम मुख्यतः दोन प्रकारचा. एक आपल्या ओळखीच्या थर्माकोलसारखा. मोडला की त्यात पांढरे दाणे दिसतात. दुसरा रबरासारखा लवचिक, वाकवला तरी परत सरळ होतो. पिवळ्या गोंदात जो द्रव असतो, तो थर्माकोल चक्क विरघळवतो. काही स्प्रे रंगही असंच करतात. म्हणून गोंद किंवा रंग कोणताही असो, आधी टाकाऊ तुकड्यावर एक थेंब टाकून दहा मिनिटं थांबायचं. थर्माकोलला साधा पांढरा फेव्हिकॉल चालतो. फक्त तो दोन तुकड्यांच्या मध्ये लवकर वाळत नाही, कारण त्यातलं पाणी बाहेर जायला वाट नसते. पूर्ण एक दिवस हलवायचं नाही.

‘‘आता आपण दोघं अपराधी,’’ मी म्हटलं. ‘‘विमान नीट करू, पण एका अटीवर. दादाने खोकं उघडण्याआधी तू त्याला सगळं सांगायचंस. माझ्या खड्ड्याबद्दल मी सांगेन.’’ पायलट बराच वेळ बुटाच्या टोकाने फरशी उकरत राहिला. मग मान हलवली.

दुसऱ्या दिवशी त्याने विमानाचं खोकं आणलं. झाकणाच्या आत दादाच्या अक्षरात पेन्सिलीने लिहिलं होतं : ‘वजन ६२ ग्रॅम’. खाली पंखाचं चित्र आणि एक छोटी खूण. ही खूण कशाची, ते पायलटला माहीत नव्हतं. तुम्हाला माहीत आहे? तो विमानाचा तोल साधण्याचा बिंदू!

घरी फूटपट्टी एका बोटावर आडवी धरून बघा. बरोबर मधे बोट आलं की ती स्थिर राहते. विमानाचंही तसंच. पंखांखाली दोन्ही बाजूंना एकेक बोट धरून विमान उचलायचं. पंखाच्या पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतचे चार भाग पाडले, तर बहुतेक साध्या विमानांचा तोल पहिला भाग संपतो त्याच्या आसपास, म्हणजे पाव ते एक तृतीयांश अंतरावर साधायला हवा. नाक थोडं जड असेल तर विमान फार उंच जाणार नाही, पण निदान ताब्यात राहील. शेपूट जड असेल तर ते नाक वर करतं, वेग हरवतं आणि कोसळतं. आपल्या पायलटचं अगदी हेच झालं होतं.

आम्ही सराफांच्या दुकानात गेलो. सोनं तोलायच्या काट्यावर विमान ठेवलं तेव्हा सराफकाकाही हसले. काटा म्हणाला ७७ ग्रॅम. म्हणजे १५ ग्रॅम वाढले! मग पुठ्ठा आणि स्टिकर काढून वेगळे तोलले. ते ६ ग्रॅम भरले. उरलेले ९ ग्रॅम पंखांवरच्या रंगाचे आणि चिकटपट्टीचे.

‘‘सहा ग्रॅम म्हणजे काहीच नाही की!’’ पायलट म्हणाला. ‘‘नाकात तेवढीच माती भरू. झालं!’’

आता गणिताची वही काढा. बागेतला सीसॉ आठवतो ना? बारीक मुलगा टोकाला बसला तर तो मधे बसलेल्या जाड्या मुलालाही उचलतो. वजन गुणिले अंतर, असा हा हिशेब असतो. या विमानाची शेपूट तोलाच्या बिंदूपासून २४ सेंटिमीटर मागे आणि नाक फक्त ८ सेंटिमीटर पुढे. शेपटीकडे ६ गुणिले २४, म्हणजे १४४. नाकाकडे ८ ला कितीने गुणलं की १४४ येतात? १८ ने! म्हणजे शेपटीवरच्या ६ ग्रॅमच्या शोभेसाठी नाकात १८ ग्रॅम माती भरावी लागणार. विमान ७७ चं ९५ ग्रॅम होणार. मूळच्या दीडपटीहूनही जास्त!

आणि वजन वाढलं की काय होतं? विमानाला वर उचलणारं बल वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतं. वजन चौपट झालं, तर तरंगत राहायला वेग दुप्पट लागतो. आपलं वजन दीडपट झालं, तर वेग जवळजवळ सव्वा पट हवा. मोटरी मात्र त्याच! म्हणून विमानात बदल करताना पहिला प्रश्न ‘काय लावू?’ हा नाही, ‘काय काढू?’ हा.

गंमत म्हणजे हा तोलाचा त्रास मोठमोठ्यांनाही झाला आहे. राइट बंधूंचं विमान १७ डिसेंबर १९०३ रोजी पहिल्यांदा उडालं. पहिलं उड्डाण १२ सेकंदांचं, १२० फुटांचं. पुढच्या वर्षी, म्हणजे १९०४ मध्ये, त्यांचं नवं विमान हवेत वरखाली हेलकावे खाई. तेव्हा त्यांनी पुढच्या बाजूला चक्क लोखंडाचं वजन बांधून पाहिलं!

आता दुरुस्ती. पायलटने ओल्या फडक्याने रंग पुसले. चिकटपट्टी हळूहळू, फोम न उचकटता काढली. विरघळलेला भाग मी कटरने सरळ कापून टाकला. (कटर मोठ्यांनीच चालवायचा, हं!) मिक्सरच्या खोक्यातल्या थर्माकोलचा ठोकळा घेऊन नवं नाक केलं आणि पॉलिश पेपरने घासून गोल केलं. जोड पक्का व्हावा म्हणून खराट्याचे दोन हीर आत खुपसले. हीर म्हणजे नारळाच्या पात्याची मधली काडी. हलकी, लवचिक आणि मजबूत. फेव्हिकॉल लावला, दोरा गुंडाळला आणि एक दिवस ठेवून दिलं.

वजन भरलं ६६ ग्रॅम. नव्या नाकामुळे ४ ग्रॅम वाढले, तेही तोलाच्या बिंदूपासून साधारण ६ सेंटिमीटर पुढे. ४ गुणिले ६, म्हणजे २४. आता नाक जड! मग शेपटीत वजन घालायचं का? नाही हो! बॅटरी १२ ग्रॅमची होती. ती २ सेंटिमीटर मागे सरकवली की १२ गुणिले २, पुन्हा २४. फिट्टंफाट! एक ग्रॅमही न वाढवता तोल दादाच्या खुणेवर आला. हा हिशेब पायलटने स्वतः केला. मी फक्त फळा पुसला.

दादा आला त्या संध्याकाळी मी त्यांच्या घरी गेले. पायलटने सांगायला सुरुवात केली आणि रंगापाशी आल्यावर अडखळला. मग एका दमात सगळं बोलून टाकलं. मी माझ्या गोंदाचं सांगितलं. दादा काहीच बोलला नाही. खोकं घेऊन ओट्यावर जाऊन बसला. ओरडला असता तर बरं झालं असतं, असं पायलटला वाटत असणार. त्याची आईसुद्धा गप्प होती. दहा-पंधरा मिनिटांनी बाहेरून आवाज आला, ‘‘वजन किती झालंय रे?’’

‘‘सहासष्ट!’’ पायलट पळतच बाहेर गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला आम्ही मैदानात. या वेळी वारा कमी असतो. आधी मोटर बंद ठेवून, गवतावर, विमान समोर सरळ सोडायचं. दगडासारखं भिरकवायचं नाही. नाक वर करून खाली आपटलं, तर बॅटरी किंचित पुढे. सुरुवातीपासूनच खाली घुसलं, तर किंचित मागे. एका बाजूला वळलं, तर पंख पिळलाय का बघायचं. एका वेळी एकच बदल करायचा आणि तो वहीत लिहायचा. दोन बदल एकदम केले, तर कशाने काय झालं ते कळत नाही. दादाने पाच वेळा सोडून पाहिलं आणि मगच मोटर चालू केली. या विमानात वळायची युक्ती सोपी आहे. डावीकडे वळायचं तर डावी मोटर मंद होते आणि उजवी जोरात फिरते. दोन्ही जोरात फिरल्या की विमान चढतं.

विमान उडालं! मैदानाला दोन फेऱ्या मारून गवतावर उतरलं, तेही थोडं कलंडत. रिमोट मात्र दादाने पायलटच्या हाती दिला नाही. ‘‘आज नाही,’’ एवढंच म्हणाला. वही तेवढी दिली, नोंदी करायला.

करून बघणार असाल, तर चार गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. बॅटरी चार्ज करताना घरातलं मोठं माणूस जवळ हवं. चार्जिंग फरशीवर करायचं, गादीवर नाही. फुगलेली बॅटरी वापरायची नाही, टोचायची तर मुळीच नाही. आणि जास्त व्होल्टची बॅटरी लावून ‘ताकद’ वाढवायला जाऊ नका, मोटरी जळतील. फिरत्या पंख्याजवळ बोटं आणि मोकळे केस नेऊ नका. विजेच्या तारांजवळ, रस्त्याजवळ, माणसांच्या डोक्यावरून विमान उडवायचं नाही. ते तारेत अडकलं तर सोडून द्यायचं, काठीने काढायला जायचं नाही. शेवटचं, आपल्या देशात २०२१ चे ड्रोन नियम आहेत. अडीचशे ग्रॅमपर्यंतची विमानं ‘नॅनो’ गटात येतात आणि ती उडवायला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. पण विमानतळाच्या आणि लष्करी ठाण्यांच्या परिसरात परवानगीशिवाय उडवायला मनाई आहे.

पालकांनाही एक विनंती. मुलाने एखादी वस्तू मोडून आणली, तर पहिला प्रश्न ‘कुणी सांगितलं होतं?’ असा विचारण्याआधी ‘काय करून बघत होतास?’ असं विचारून पाहा.

ज्यांच्याकडे विमान नाही, त्यांनी हिरमुसू नका. एक फूटपट्टी, एक पेन्सिल आणि काही सारखी नाणी घ्या. पेन्सिलीवर पट्टीचा तोल साधा. मग एका बाजूला मध्यापासून १२ सेंटिमीटरवर एक नाणं ठेवा. दुसऱ्या बाजूला ४ सेंटिमीटरवर किती नाणी ठेवली की तोल साधेल? आधी उत्तर लिहा, मग ठेवून बघा. चुकलात तरी पत्रात तसंच लिहून पाठवा. मी नाही का गोंदाचं सांगितलं!

तुमच्या,
बाई