फोटो : दाखवण्याचा आणि ओळखण्याचा

लोणच्याला बुरा का आला, रेशमी साडीवरचा तेलाचा डाग कसा घालवायचा, अशी पत्रं आपल्या या सदराकडे नेहमीच येतात. या खेपेला मात्र एका भगिनीनं वेगळ्याच डागाबद्दल विचारलंय. तिच्या परवानगीनं, नाव-गाव गाळून, पत्रातला थोडा भाग इथं देते.

‘ताई, माझी मुलगी बारावीत आहे. डॉक्टर व्हायचं म्हणून ‘नीट’चा फॉर्म भरायचाय. फोटोसाठी तिला मुद्दाम चांगल्या स्टुडिओत नेलं. तिच्या उजव्या गालावर, अगदी कानापर्यंत, लहानपणी भाजल्याचा डाग आहे. फोटोवाल्यानं कॉम्प्युटरवर तो असा काही साफ केला की मी बघतच राहिले. रंगही जरा उजळ केला. सासूबाई म्हणाल्या, बरं झालं, हाच फोटो पुढं स्थळांनाही देता येईल. पण मुलगी फोटो बघून एक शब्द बोलली नाही. रात्री म्हणाली, आई, हा फोटो माझा नाही, मी हा लावणार नाही. ताई, माझं काय चुकलं? आणि तुमच्यापाशी म्हणून सांगते, ते दूध माझ्याच हातून सांडलं होतं.’

फॉर्मची मुदत चार दिवसांवर आलेली, म्हणून तिला उत्तर फोनवरच कळवलं. पण हा प्रश्न काही तिच्या एकटीचा नाही. घरात बारावीचं मूल असलं की फोटोवरून ही कुरबूर होतेच. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट अशी, की आपल्या पिढीच्या डोळ्यांना मुलीचा एकच फोटो ठाऊक होता. तो म्हणजे दाखवण्याचा फोटो! स्टुडिओतला पडदा, बाजूला कुंडी, आत्याची जरीची साडी, मान जराशी कलती. फोटोवाला सांगायचा, ‘ताई, किंचित हसा,’ आणि मागून आई डोळ्यांनीच खुणावायची, ‘जास्त नको.’ तो फोटो परक्या घरी जायचा आणि तिथल्या माणसांना तो आवडायला हवा असायचा. त्यामुळे चष्मा काढा, रंग उजळा, उंची लपवा, हे सगळं आपण निमूट केलं. तीच सवय हाताला राहिली. मुलीचा फोटो म्हटला की आपण आधी काय झाकायचं ते बघतो.

फॉर्मवरचा फोटो कुणाला आवडण्यासाठी नसतो. त्यावर एकही गुण नाही. गोरी मुलगी दिसली म्हणून कुणी जागा देत नाही आणि सावळी दिसली म्हणून नाकारत नाही. त्या फोटोचं काम एकच. परीक्षेच्या दिवशी फाटकावर उभ्या असलेल्या, तुमच्या मुलीला जन्मात कधी न पाहिलेल्या माणसाला क्षणभरात पटलं पाहिजे, की फॉर्म भरणारी ती हीच. एकाच्या नावावर दुसरंच कुणी पेपर लिहून जाण्याचे प्रकार होतात, म्हणून ही सगळी तपासणी. ती जाचक वाटते खरी, पण तुमच्या मुलीच्या जागेची राखणही तीच करते. मग राखणदाराला खोटा चेहरा देऊन कसं चालेल?

आमच्या भाचीचीच गोष्ट सांगते. घाईघाईत दहावीतला फोटो होता तोच तिनं लावला. त्या फोटोत दोन वेण्या, चष्मा नाही. परीक्षेला गेली तेव्हा केस कापलेले, नाकावर जाड चष्मा. दुपारी दोनचा पेपर, दीडला फाटक बंद. तपासणाऱ्या बाईंनी एकदा हॉलतिकिटाकडं बघितलं, एकदा तिच्याकडं, आणि आतून मोठ्या साहेबांना बोलावलं. आधार कार्ड वगैरे बघून सोडलं तिला आत, नाही असं नाही. पण पोरीचे हात कापायला लागले ते पहिला अर्धा तास थांबेनात. वर्षभराचा अभ्यास आणि घोळ कशाचा, तर एका फोटोचा! डाग पुसलेल्या, रंग बदललेल्या फोटोचंही हेच होऊ शकतं.

आता नियमांकडे वळू. दरवर्षी परीक्षेचं माहितीपत्रक निघतं, ते त्या वर्षीचं, स्वतः वाचायचं. नेट कॅफेतल्या मुलाला पाठ आहे म्हणून विसंबायचं नाही, कारण बारीकसारीक गोष्टी बदलत असतात. गेल्या काही वर्षांत सांगितलेल्या मुख्य गोष्टी अशा : फोटो अलीकडचा हवा, मागे पांढरा रंग हवा, फोटोचा सुमारे ८० टक्के भाग चेहऱ्यानं व्यापलेला हवा, तोंडावर मास्क नको आणि दोन्ही कान दिसले पाहिजेत. चष्मा रोज वापरत असेल तरच लावायचा. कॉम्प्युटरवर तयार केलेला फोटो चालत नाही. २०२४ साली पासपोर्ट साइज फोटोची फाइल १० ते २०० केबीच्या दरम्यान मागितली होती. शिवाय चार बाय सहा इंचांचा पोस्टकार्ड साइज फोटोही लागला होता.

फोटो काढायला जाताना या गोष्टी ध्यानात ठेवा.

कपडे : मागे पांढरं असतं, म्हणून पांढरा किंवा फिका पिवळा ड्रेस नको. खांदे कुठं संपले आणि भिंत कुठं सुरू झाली तेच कळत नाही. निळा, मरून, गडद हिरवा, असा एकरंगी साधा कुडता उत्तम. जर, टिकल्या, मोठी फुलं नकोत. ओढणी गळ्याशी गुंडाळू नका.

केस : रोज कॉलेजला जाताना बांधते तसेच. कपाळावरची बट मागे, कानावरचे केस कानामागे. आदल्या दिवशी नवी फॅशन करून केस कापायला पाठवू नका.

चेहरा : तोंड स्वच्छ धुवून, पुसून कोरडं करावं. तेलकट कपाळ दिव्याखाली चकाकतं. रोज टिकली लावत असेल तर छोटी असू द्या, नसेल तर मुद्दाम लावू नका. पावडर, लिपस्टिक कशाला? तीळ, व्रण, मुरूम, जे आहे ते राहू द्या.

चष्मा : रोजचाच. रंगीत काचांचा नको. काचेवर दिव्याची तिरीप येऊन डोळा झाकला जातो, तेव्हा हनुवटी किंचित खाली घ्यायला सांगा आणि फोटो तिथंच बघून घ्या.

घरी काढत असाल तर : सेल्फी नको. हाताच्या अंतरावरून नाक मोठं येतं आणि कान मागे पडतात. दुसऱ्या कुणीतरी चार-पाच फुटांवरून, फोनच्या मागच्या कॅमेऱ्यानं काढावा. चेहरा गुळगुळीत करणारी सोय फोनमध्ये असते, ती आठवणीनं बंद करा. मुलीचं तोंड खिडकीकडे हवं आणि पाठीमागच्या भिंतीपासून ती हातभर पुढं हवी, म्हणजे सावली पडत नाही. पिवळ्या बल्बखाली पांढरी भिंतसुद्धा पिवळी येते, म्हणून सकाळचा उजेड बरा. तरी शंका वाटली तर सरळ स्टुडिओत जा. मात्र आधीच बजावा, ‘दादा, भिंत पांढरी करा, चेहऱ्याला हात लावायचा नाही.’

फोटो हातात आला की काम संपलं असं नाही. उलट खरी गृहिणीची नजर इथंच लागते. मूळ फाइल मागून घ्या. व्हॉट्सॲपवर नुसता फोटो पाठवला तर तो दबून पुसट होतो, तेव्हा ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा. एक प्रत मुलीच्या ईमेलवर, एक पेनड्राइव्हवर ठेवा. त्याच फोटोच्या प्रती एकदमच छापून घ्या. माहितीपत्रकात ६ ते ८ पासपोर्ट आणि ४ ते ६ पोस्टकार्ड साइज प्रती जवळ ठेवायला सांगत असत. मी म्हणेन, पासपोर्टच्या डझनभर असू द्या. परीक्षेच्या दिवशी हजेरीपटावर हाच फोटो लागतो आणि पुढं प्रवेशाच्या वेळीही लागतो. देशपातळीवरच्या जागांची फेरी निराळी, आपल्या राज्याच्या जागांची सीईटी कक्षाची फेरी निराळी. प्रत्येक ठिकाणी फोटो तोच हवा. कागदी पाकिटात घालून वर मुलीचं नाव, परीक्षेचं नाव आणि तारीख लिहा आणि दाखल्यांच्या फायलीत ठेवा. फोटोला टाचणी किंवा स्टेपल मारू नका, खूण चेहऱ्यावर उमटते. आणि हो, प्रवेश होईपर्यंत मुलीचं रूप एकदम बदलेल असं काही करायचं असेल तर थोडं थांबा म्हणावं!

हे लिहिताना मला राहून राहून एक जुना फोटो आठवतोय. आपल्या आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेला गेल्या आणि १८८६ साली फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाल्या, हे तुम्हांला माहीतच आहे. १० ऑक्टोबर १८८५ या तारखेचा त्यांचा एक फोटो आहे. शेजारी जपानच्या केइको ओकामी आणि सीरियाच्या साबात इस्लामबूली, दोघी त्यांच्याच कॉलेजातल्या. तिघींनी आपापल्या देशाचा वेश केलाय. आनंदीबाई साडीत आहेत. परक्या मुलखात, जिथं बायकांनी डॉक्टर व्हायचं हेच अजून नवलाचं होतं, तिथं या तिघी कॅमेऱ्यासमोर बसल्या त्या जशा होत्या तशाच. फॉर्मवर चिकटवायचा फोटो नव्हे तो. पण मुलीला फोटोला नेण्याआधी एकदा दाखवण्यासारखा मात्र खचितच आहे.

आता पुन्हा आपल्या पत्राकडे. फोनवर त्या भगिनीला मी एवढंच म्हटलं, ‘बाई गं, तू चूक केलीस असं नाही. मायेनंच केलंस. पण डाग तिच्या गालावर आहे आणि सल तुझ्या मनात. फोटोवाल्यानं पुसला तो तुझा सल. ती पोर सतरा वर्षांची झाली, आरशात रोज तो डाग बघते आणि तरी डॉक्टर व्हायचं म्हणते. आईनंच तो पुसून घेतला, तर तिनं काय समजायचं?’ पलीकडे बराच वेळ आवाज नव्हता. सासूबाईंबद्दलही विचारलं तिनं. म्हटलं, त्यांना उलट उत्तर देऊ नकोस. एवढंच सांग, ‘आई, हा फोटो स्थळाचा नाही, परीक्षेचा आहे. परीक्षेचा नियमच तसा आहे.’ नियमापुढं मोठी माणसंही गप्प बसतात. पुढचं पुढं बघता येईल.

दोन दिवसांनी तिचाच फोन आला. म्हणाली, ‘ताई, पुन्हा गेलो स्टुडिओत. फोटोवाला म्हणाला, कान दिसायला हवेत, उजवीकडचे केस मागे घ्या. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, की बालवाडीपासून मी तिचा भांग असा पाडत आले, की केस त्या गालावर यावेत. रोज सकाळी. माझ्या हातांनी.’

जरा थांबून म्हणाली, ‘मग मीच पुढं झाले आणि ते केस तिच्या कानामागे घेतले. ती हसायला लागली, तर फोटोवाला म्हणतो, हसू नका. पण फोटो चांगला आलाय, ताई. तिच्यासारखाच आलाय.’

मैत्रिणींनो, यंदा ज्यांच्या घरी हा फॉर्म भरायचाय, त्यांना एवढंच सांगणं. मुलीला फोटोला न्याल तेव्हा सोबत कंगवा न्या, पांढऱ्या भिंतीची आठवण न्या आणि झाकायची सवय तेवढी घरी ठेवून जा. तुमच्या लेकींना भरघोस यश मिळो!