अडगावची लढाई आणि बोस्टनचा चहा



अकोट-तेल्हाऱ्याच्या पट्ट्यात अडगाव आहे, जवळच सिरसोली आहे. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी या गावांच्या वावरांत इंग्रज आणि नागपूरकर भोसले यांची लढाई झाली. ऐन वेचणी-कापणीचे दिवस. पोरांच्या पुस्तकात या लढाईला एखादी ओळ मिळते आणि इंग्रजांच्या पुस्तकात पाने भरतात, कारण त्यांचा सेनापती होता आर्थर वेलस्ली. हाच पुढे १८१५ साली वॉटर्लूला नेपोलियनविरुद्ध जिंकला. वऱ्हाडच्या मातीत काय ठरले, हे वऱ्हाडानेच विसरावे हे काही बरे नाही.

लढाईचे मूळ वऱ्हाडात नव्हते. ऑक्टोबर १८०२ मध्ये यशवंतराव होळकरांनी पुण्याजवळ पेशवे आणि शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला. दुसरा बाजीराव पळाला आणि ३१ डिसेंबरला वसईला कंपनीशी तह करून बसला. गादी वाचवण्यासाठी त्याने कंपनीची फौज स्वतःच्या खर्चाने पोसायचे कबूल केले. शिंदे आणि भोसले चिडले, एकत्र आले. होळकर बाजूला राहिले. ऑगस्ट १८०३ मध्ये अहमदनगर गेले, २३ सप्टेंबरला असईला शिंद्यांचा तोफखाना गेला. अडगावच्या आधी आठवडाभर शिंद्यांनी इंग्रजांशी स्वतःपुरती तहकुबी केली. तिच्यात भोसले नव्हते. तरी लढाईच्या दिवशी शिंद्यांचे स्वार भोसल्यांच्या बाजूला उभे होते! कोण कोणाबरोबर आहे हे त्यांचे त्यांनाच नक्की ठाऊक नसावे.

अडगावला भोसल्यांच्या तोफा कमी पडल्या नाहीत. सिरसोलीजवळ त्यांचा मारा सुरू होताच कंपनीच्या पलटणी पाठ फिरवून पळाल्या. वेलस्लीने स्वतः त्यांना आवरले, पुन्हा रांगेत उभे केले. भोसल्यांकडून राजाचा भाऊ व्यंकोजी ऊर्फ मन्याबापू लढत होता. पलटणी पळाल्या त्या घटकेला पुढे सरसावून घाव घालणे त्याला जमले नाही. दिवस बुडेपर्यंत फळी फुटली, चांदण्यात पाठलाग झाला, ३८ तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या.

मग गाविलगड. दक्षिणेकडून वेलस्ली; आणि कर्नल स्टीव्हन्सनने मेळघाटच्या डोंगरांतून वाट काढत जड तोफा ओढून उत्तरेला लबाड्याच्या बाजूने आणल्या. १५ डिसेंबरला तटाला खिंडार पडले. किल्लेदार बेनीसिंग लढता लढता पडला. त्याच्यासारखे सगळे असते तर, असे म्हणून आपण हळहळतो. पण हळहळून हिशेब लागत नाही.

आता जरा दूरची गोष्ट सांगतो, कारण ती याच कंपनीची आहे. १७६५ साली कंपनीला बंगालच्या वसुलीची दिवाणी मिळाली. १७७० च्या दुष्काळात तिथे लाखो माणसे मेली, तरी वसुली चालूच होती. एवढे लुटूनही कंपनी कर्जात बुडाली. तिला तारायला लंडनच्या सरकारने १७७३ मध्ये तिचा पडून राहिलेला चहा अमेरिकेतल्या वसाहतींत थेट विकायची सवलत दिली, आणि चहावरचा कर तसाच ठेवला. लंडनच्या सभेत आमचा माणूस नाही तर तुमचा कर आम्ही का द्यायचा, हा तिथल्या लोकांचा १७६५ पासूनचा सवाल होता. १६ डिसेंबर १७७३ ला बोस्टनच्या बंदरात त्यांनी चहाच्या ३४२ पेट्या पाण्यात टाकल्या. एप्रिल १७७५ मध्ये लेक्झिंग्टन आणि काँकर्डला सरकारी फौजेसमोर उभे राहिले ते बहुतेक गावचे शेतकरी, घरची बंदूक घेऊन आलेले. आठ वर्षे लढाई चालली. फ्रान्सची फौज आणि आरमार मदतीला आले म्हणून १७८१ मध्ये यॉर्कटाउनला लॉर्ड कॉर्नवॉलिसला शरण यावे लागले. तिथे हरलेला हा गृहस्थ १७८६ मध्ये गव्हर्नर जनरल होऊन आपल्याकडे आला!

तिकडचे सगळे गोड नव्हते. गुलाम गुलामच राहिले, मूळ रहिवाशांच्या जमिनी गेल्या. लढून घरी आलेल्या शेतकऱ्यांच्या मागे सावकार आणि कर लागले, आणि १७८६ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या शेतकऱ्यांना डॅनियल शेजच्या मागे जाऊन आपल्याच सरकारची न्यायालये बंद पाडावी लागली. पण लढाई कशासाठी आहे, हे त्यांच्या शेतकऱ्याला ठाऊक होते. भांडण त्याच्या खिशातल्या पैशाचे होते.

वऱ्हाडच्या कुणब्याचे काय? इथे दोअमली होती. एक वसुली निजामाची, दुसरी भोसल्यांची, आणि दोघांतून काही उरलेच तर ते पेंढाऱ्यांचे. त्यात १८०३-०४ चा दुष्काळ. अशा माणसाने तोफेचा आवाज ऐकून बैल सोडले आणि गढीकडे धाव घेतली असेल, तर त्याला भ्याड कोणी म्हणू नये. कोणीही जिंकला तरी सारा त्यालाच भरायचा होता. फितुरीमुळे, फुटीमुळे राज्य गेले असे आपल्याला शिकवतात. ते खोटे नाही. पण ज्या राज्याशी शेतकऱ्याचे नाते फक्त वसुलीचे, ते वाचवायला तो का उभा राहील, हा सवाल कोणी विचारत नाही.

१७ डिसेंबर १८०३ ला देवगावचा तह झाला. भोसल्यांनी कटक कंपनीला दिले. वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड कंपनीच्या दोस्ताला, निजामाला गेला. गाविलगड, नरनाळा आणि भोवतालचा थोडा मुलूख तेवढा भोसल्यांकडे राहिला. ३० डिसेंबरला सुर्जी-अंजनगावला शिंद्यांचा तह झाला. पुढे निजामाकडे फौजेच्या खर्चाची बाकी थकली, तर १८५३ मध्ये त्या बाकीपोटी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला, जसे सावकाराकडे वावर गहाण जाते. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने तो वर्षाला २५ लाख रुपये खंडाने कायमचा घेतला. वावर कसणाऱ्याला या तीनही वेळा कोणी विचारले नाही.

अडगाव, सिरसोली, अंजनगाव, चिखलदरा या बाजूच्या भावांना आणि मायबहिणींना एक विनंती. तुमच्या घरात, गावात त्या पळापळीची, गढीत लपल्याची, लुटीची काही आठवण म्हाताऱ्यांकडून ऐकलेली असेल, तर दोन ओळींत लिहून जिल्हा बैठकीला घेऊन या. लिहिता येत नसेल तर सांगा, आम्ही लिहून घेऊ.