गोगलगाय अन् पोटात पाय



मृगाचा पाऊस पडला की आमच्या माता-भगिनी खुरपे घेऊन रोजाने निघतात. अलीकडे लातूर-नांदेडकडे त्यांच्या वाट्याला आणखी एक काम आले आहे, ते म्हणजे गोगलगाई वेचण्याचे. आज त्याविषयी दोन शब्द.

2022 च्या खरिपात लातूर, बीड आणि उस्मानाबाद (आताचे धाराशिव) जिल्ह्यांत सोयाबीन जमिनीतून डोके वर काढते न काढते तोच शंखी गोगलगाईंनी ते रातोरात फस्त केले. कित्येकांवर दुबार पेरणीची पाळी आली. पुढे सरकारने मदत जाहीर केली. पण मदत मिळते ती सातबाऱ्यावरच्या नावाला. बटईने कसणाऱ्याचे बियाणे गेले, मजुराचा रोज बुडाला, तर त्यांनी कोणाच्या तोंडाकडे पाहायचे?

युरोपातही अशीच मोठी गोगलगाय आहे. फ्रान्समध्ये लोक ती चवीने खातात, आणि इंग्लंडमध्ये 2008 पासून कायद्याने तिला संरक्षण आहे. आपल्याकडची मोठी शंखी मात्र मूळची पूर्व आफ्रिकेची. 1847 साली ती मॉरिशसहून कलकत्त्याला आणली गेली आणि तिथून देशभर पसरली. ती नर आणि मादी दोन्ही असते, एका वेळी शंभराहून जास्त अंडी मातीत घालते आणि उन्हाळाभर शंखाचे तोंड बंद करून निजून राहते. पहिला पाऊस झाला की जागी होते. म्हणून उपाय करायचा तो पेरणीच्या आसपासच, आणि साऱ्या शिवाराने मिळून. एकानेच केला तर शेजारच्या बांधावरून ती परत येते.

उपाय साधे आहेत. सायंकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटे शेतात जागोजागी ठेवावीत. पहाटे त्यांखाली जमलेल्या गोगलगाई गोळा करून मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्यात टाकाव्यात. बांधाच्या कडेने कोरड्या चुन्याचा पट्टा ओढावा. विषारी गोळ्या वापरल्याच तर लेकरे आणि कुत्री-कोंबड्या यांच्यापासून दूर ठेवाव्यात.

आता भगिनींना मुद्दाम सांगतो. गोगलगाय उघड्या हाताने धरू नका. तिच्या अंगात उंदरापासून आलेली बारीक कृमी असू शकते. ती माणसाच्या पोटात गेली तर मेंदूच्या आवरणाला सूज येते. हातमोजे नसतील तर हाताला प्लॅस्टिकची पिशवी बांधा. काम संपल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय भाकरीला हात लावू नका. रानातली भाजी नीट धुऊन, शिजवूनच खा. मुलांना या कामाला पाठवू नका, त्यांची जागा शाळेत आहे.

आणि मालकाकडे हातमोजे मागायला लाजू नका. पीक त्याचे वाचते, पण हात आपले आहेत. वेचणीचा रोजही आधी ठरवून घ्या. मुकाट्याने खाली मान घालून राबणाऱ्याला लोक गोगलगाय म्हणतात. आम्हाला ते नाव नको.