एका ‘कॅन’चे तीन वाटेकरी

इंग्रजीतील ‘कॅन’ हे क्रियापद कौशल्य, शक्यता आणि परवानगी या तिन्ही खात्यांचा कारभार एकट्याने पाहत असले, तरी चेक भाषेच्या दरबारात त्याची सनद चालत नाही. तेथे शिकून अवगत झालेल्या पोहण्यास ‘उमीम’, पाय मुरगळल्याने आज न साधणाऱ्या पोहण्यास ‘नेमूझू’ आणि वैद्याने मनाई केलेल्या पोहण्यास ‘नेस्मीम’ म्हणावे लागते. ‘पोहता येते’ आणि ‘पोहू शकतो’ हा भेद नित्य पाळणाऱ्या मराठी माणसास यात नवल वाटू नये. ‘ॲक्सेस’ या दुसऱ्या इंग्रजी शब्दाची गोष्ट मात्र अधिक उद्बोधक आहे: चाकांच्या खुर्चीसाठी सुगम असलेल्या इमारतीस चेक लोक ‘बेझबारिएरोवी’, म्हणजे अडथळाविरहित, म्हणतात, ही योजना मला न्याय्य वाटते, कारण तीत ठपका पायऱ्यांवर येतो आणि माणूस सुटतो.