ओवाळणीचे खुरपे

भाऊबिजेला बहिणीला काय द्यावे, हा प्रश्न आमच्या घरात गेली वीस वर्षे कधी उपस्थितच झाला नाही. वसुबारसेच्या आधी सौभाग्यवती महाडच्या बाजारपेठेत जाई, एक साडी घेऊन येई, आणि भाऊबिजेला मी ती अक्काच्या ताटात ठेवी. “रंग बरा आहे हो,” असे अक्का म्हणे. तिने तसे म्हटले की माझे बंधुकर्तव्य वर्षापुरते आटोपले, अशी माझी पक्की समजूत होती.

या समजुतीला धक्का बसला तो यंदाच्या गणपतीत. गौरीचे दागिने काढायला म्हणून अक्काने मला ट्रंक उघडायला सांगितली. दागिने खाली होते. वर साड्या होत्या. ओळखीच्या वाटल्या म्हणून मी मोजल्या. अकरा भरल्या. त्यांतल्या चारांवर दुकानाची चिठ्ठीही तशीच होती. माझ्या अकरा भाऊबिजा डांबराच्या गोळ्यांसह घड्या घालून ठेवलेल्या होत्या!

मी ट्रंक लावली आणि परसात आलो. अक्का अळवाच्या कडेचे तण काढीत होती. तिच्या हातात जे होते त्याला खुरपे म्हणायला भाषेच्या अध्यापकानेही कचरावे. पाते झिजून दोन बोटांएवढे उरलेले, मूठ फुटलेली, तिच्यावर फडके गुंडाळून वर सुतळी बांधलेली. त्याच क्षणी मी ठरविले की यंदा साडी नाही. यंदा अक्काला खुरपे द्यायचे.

वाचकहो, हा निश्चय दिसतो तितका साधा नव्हता. त्यासाठी अक्काचे घर कुठे आहे हे आधी सांगायला हवे. महाडहून पोलादपूर अर्ध्या तासाचे. पोलादपुरात हमरस्ता सोडून डावीकडे वळले की सावित्रीच्या खोऱ्यातून महाबळेश्वरचा रस्ता लागतो आणि पुढे आंबेनळीचा घाट सुरू होतो. नळी म्हणजे डोंगरातली पाणी उतरण्याची अरुंद घळ. आंब्याचे नाव लावून घेतलेल्या या घाटात आंबे किती आणि नळ्या किती, हे एकदा पावसाळ्यात जाऊन पाहावे. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी, आणि वळणावळणावर एस.टी.त बसलेल्या बायांचे आपोआप जोडले जाणारे हात. २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची बस याच घाटात कोसळली आणि अनेक माणसे गेली. तेव्हापासून ते हात जरा जास्त वेळ जोडलेले राहतात.

घाटाच्या पायथ्याशी एका वाडीत अक्का राहते. २२ जुलै २०२१ ची रात्र या भागात कोणी विसरलेले नाही. वर महाबळेश्वरला २४ तासांत ६०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडला. महाड पाण्याखाली गेले. तळीयेत दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गाडली गेली. पोलादपूर तालुक्यात साखर सुतारवाडी आणि केवनाळे येथेही माणसे गेली. आंबेनळीचा रस्ता जागोजाग तुटला. अक्काचे घर वाचले. पण घराच्या बाजूची उतरणीवरची बाग, म्हणजे चार आंब्याची कलमे, फणस, अबोलीचे वाफे आणि भावजींची सगळी हत्यारे ठेवलेली खोपटी, त्या एका रात्रीत खाली ओढ्यात गेली. भावजी त्याच्या दोन वर्षे आधीच गेले होते. चिखलातून सापडले ते एवढे एक खुरपे. फडके गुंडाळलेले.

त्या वर्षापासून मी आणि मुंबईचा भाचा अक्काच्या मागे लागलो आहोत. “तू आता महाडला ये. इथे एकटीने काय राहायचे?” दर भाऊबिजेला साडीबरोबर हे वाक्यही मी ताटात ठेवतो. आणि ती साडीप्रमाणे हे वाक्यही घडी घालून ठेवून देते. इकडे तिने दगड रचून पुन्हा ताली घातल्या, मागून आणलेली रोपे लावली, आणि त्या मोडक्या हत्याराने चार वाफे उभे केले.

आता अडचण ध्यानात आली असेल. साडी म्हणते, ‘चार लोकांत ये.’ खुरपे म्हणते, ‘राहा इथेच.’ जी बहीण डोंगराखालून निघावी म्हणून मी इतकी वर्षे वाद घालतो आहे, तिला मीच खुरपे नेऊन द्यायचे म्हणजे वाद हरल्याची लेखी कबुलीच की! सौभाग्यवतीला हे सांगितले, तेव्हा ती म्हणाली, “हरलात हे त्यांना केव्हाच माहीत आहे. तुम्हालाच कळवायचे राहिले आहे.”

मग खरेदीला लागलो. खुरप्याचे मोठेपण मला पुस्तकांतून ठाऊक होते. अरणच्या सावता माळ्याची कथा मी दर वर्षी वर्गात सांगतो. पांडुरंगाला लपवायला दुसरी जागा सुचेना, तेव्हा सावतोबांनी खुरप्यानेच छाती चिरून त्याला आत ठेवले, अशी ती कथा. आपल्या संतपरंपरेत वीणा आहे, चिपळ्या आहेत, तसे खुरपेही आहे. पण ते विकत कसे घ्यावे, हे त्या कथेत नाही.

पहिली चूक मी सुशिक्षिताला शोभेल अशीच केली. रंगीत पेटीतला बागकामाचा संच घरपोच मागविला. तीन चकचकीत हत्यारे, हिरव्या मुठी, वर एक हातमोज्यांची जोडी. आमच्या अंगणात करून पाहावे म्हणून त्यातले छोटे फावडे जमिनीत खुपसले. आमची माती जांभ्याची. तिच्यात मातीपेक्षा खडे अधिक. पहिल्याच खड्याला ते फावडे नमस्कार करून वाकले. हिरवी मूठ गवतात पडली ती संध्याकाळपर्यंत सापडली नाही. हातमोजे तेवढे धाकटीने बाहुलीसाठी घेतले.

मग मनात आंब्याचा झेला आला. दापोलीच्या विद्यापीठाने तयार केलेला ‘नूतन झेला’ कोकणात बागायतदारांच्या घरोघरी आहे. त्याच्या पात्याने आंबा देठासकट कापला जातो, त्यामुळे चीक फळावर ओघळत नाही आणि फळ डागाळत नाही. मोठी शहाणी वस्तू! पण अक्काची नवी कलमे अजून कमरेएवढी आहेत. झेला द्यायचा म्हणजे बारशाला मुंडावळ्या नेण्यासारखे झाले असते. भेट उत्तम असून चालत नाही. ती ज्याला द्यायची त्याच्या आजच्या कामाची असावी लागते. एवढी गोष्ट कळायला मला एक संच आणि एक झेला लागला.

शेवटी आमच्या कॉलेजच्या माळीबुवांना शरण गेलो. ते म्हणाले, “सर, दुकानात कशाला शोधता? लोहाराकडे जा.” खंडेनवमी होऊन दोन दिवस झाले होते. लोहाराच्या ऐरणीवर झेंडूची माळ सुकत होती आणि कोपऱ्यात मोटारीच्या जुन्या कमानीचे पाटे पडले होते. हल्ली कोयता, विळा, खुरपे पुष्कळदा याच पाट्यांतून घडते. मालमोटारीचे ओझे जन्मभर झेललेले ते पोलाद असते. मी म्हटले, “म्हणजे भंगारातलेच?” तो हसला. “पाटा गाडीचाच, सर. पण पाणी माझं.”

पाणी देणे म्हणजे काय, हे मी त्या दिवशी प्रथम पाहिले. तापून लाल झालेले पाते पाण्यात बुडविले की ते कडक होते, पण काचेसारखे ठिसूळही होते. म्हणून ते पुन्हा बेताने तापवायचे. घासून उजळलेल्या कडेवर रंग चढू लागतो: आधी गवती पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, निळा. योग्य रंगावर थांबविले तर धार राहते आणि खड्यावर तुकडाही उडत नाही. फार लवकर थांबले तर तुटते, फार उशिरा थांबले तर वाकते. ‘पाणीदार’ आणि ‘पाणी जोखणे’ हे शब्द मी पंचवीस वर्षे वापरीत आलो; त्यांतले पाणी कसे दिसते ते मला एका लोहाराने पोलादपुराच्या वाटेवर दाखविले.

त्याने मला आणखीही शिकविले, ते वाचकांच्या उपयोगी पडेल म्हणून सांगतो. पात्याची शेपटी मुठीत नुसती ठोकलेली नसावी. ती आरपार काढून मागे वाकविलेली असावी. मुठीच्या तोंडाशी शेंबी घट्ट हवी, नाहीतर लाकूड फुटते. वय झालेल्या, सांधे धरलेल्या हाताला बारीक मूठ सोयीची असेल असे आपल्याला वाटते. ते उलट आहे. बारीक मूठ आवळून धरावी लागते, जाड मूठ नुसत्या बोटांच्या वेढ्यात राहते. मुठीला हिरवा रंग कधी देऊ नये, तांबडे काहीतरी बांधावे. आणि खुरप्याबरोबर एक कानस द्यावी, कारण धार गेलेले हत्यार हे हत्यार नसून शिक्षा असते.

हे सारे झाल्यावर त्याने विचारले, “डाव्या हाताचं की उजव्या?”

“उजव्या. अर्थात!”

“अर्थात कशाला, सर? पात्याची मान कुणीकडे वळवायची ते हातावर असतं. एकदा मान वळवली की वळवली. बघून या.”

मला हसू आले. माझ्या सख्ख्या बहिणीचा हात मला ठाऊक नसावा? अक्का उजव्या हाताने जेवते, उजव्या हाताने ओवाळते, उजव्याच हाताने तिने मला लहानपणी दोनदा मारलेही आहे. तरी लोहार काम पुढे नेईना. रविवारी एस.टी. पकडली आणि काही न सांगता परसात जाऊन उभा राहिलो.

अक्का खुरपीत होती. डाव्या हाताने.

त्या मोडक्या खुरप्याचे पाते उजव्या हातासाठी वळविलेले होते. डाव्या हाताने ते चालवायचे म्हणजे प्रत्येक ओढीला मनगट उलटे मुरडायचे. तिचे मनगट सुजलेले मी कित्येकदा पाहिले होते आणि ‘वाताचे तेल लाव’ असा सल्लाही दिला होता. गणपतीत तिच्या हातातले खुरपे मी पाहिले होते. हात पाहिला नव्हता.

“अक्का, तू डावखुरी आहेस?”

“तुला आज कळलं होय?” ती काम न थांबविता म्हणाली. “आजी फडकं बांधून ठेवायची माझ्या डाव्या हाताला. जेवायचं, लिहायचं उजव्यावर आलं. हे काही आलं नाही बघ. शेतात कोण बघतंय म्हणून राहिलं.”

“मग कधी बोलली का नाहीस? डाव्या हाताचे खुरपे मिळते.”

“कुणी विचारलं नाही.”

यावर बोलण्यासारखे माझ्यापाशी काही नव्हते. मी एम.ए. झालो त्या दोन वर्षांची फी अबोलीच्या गजऱ्यांतून आली होती. ती अबोली याच हाताने, याच उलट्या खुरप्याने राखली होती. परत येताना घाटाकडे पाहत एस.टी.त बसलो होतो, तेव्हा एक गोष्ट मनाशी कबूल केली. ‘तू कुठे राहावेस’ हे मी अक्काला इतक्या वेळा सांगितले होते. ‘तुला कुठे राहायचे आहे’ हेही मी कधी विचारले नव्हते.

भाऊबिजेला गेलो. खुरपे, कानस आणि तांबड्या दोरीचा गुंडा. अक्काने ओवाळले. मी हत्यार पुढे केले, तशी ती म्हणाली, “हातात नको देऊस, धारेची वस्तू आहे. आपल्यात भांडण नको.” मी ते पाटावर ठेवले. तिने त्याला हळदकुंकू लावले आणि उचलले, डाव्या हाताने. मनगट जरा फिरवून पाहिले. पुन्हा फिरवून पाहिले. रंग बरा आहे, असे काही ती म्हणाली नाही. पदर खोचला आणि तशीच परसात गेली. जिलबी ताटात निवत राहिली.

बऱ्याच वेळाने मागे जाऊन बसलो आणि विचारले, “अक्का, तुला काय करायचे आहे?”

तिने अर्धा वाफा संपवला, मग बोलली. “मलाही भीती वाटते रे. पाऊस लागला की रात्रभर डोळा लागत नाही. आषाढ-श्रावण तुझ्याकडे येत जाईन. मोठा पाऊस सांगितला की तू न्यायला यायचंस, मी ‘नाही’ म्हणणार नाही. पण गणपतीला मला इथे आणून सोडायचंस. तण तेव्हाच माजतं.”

इतक्या वर्षांत न सुटलेला वाद अर्ध्या वाफ्यात सुटला. मी तिला वचन दिले, आणि निघताना तिने माझ्या पिशवीत अळू भरले.

घाटाच्या रस्त्याशी पोचतो तोच मागून हाक आली. अक्का कुंपणाशी उभी होती, हातातल्या खुरप्याची तांबडी दोरी लांबूनही दिसत होती.

“आणि वहिनीला सांग,” ती ओरडली, “पुढच्या वर्षी साडीच आण! महाडला राहायला यायचं तर नेसायला नको?”