सामना तोच, जाहिरात निराळी

नेरूळच्या डी. वाय. पाटील मैदानावर २ नोव्हेंबर २०२५ च्या अंतिम सामन्यात हरमनप्रीत कौरच्या संघाने दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवले आणि महिलांचा विश्वचषक पहिल्यांदाच भारताकडे आला. हार्बर गाडीने नेरूळहून पनवेल काही फार दूर नाही. पनवेलजवळच्या विचुंब्यातल्या एखाद्या घरात शफाली वर्माच्या ८७ धावा आणि दीप्ती शर्माचे पाच बळी आजही रविवारी दुपारी, जेवणे आटोपल्यावर, पुन्हा पाहावेसे वाटतील. सामना तोच, चेंडूही तेच. पण षटक संपल्यावर येणारी जाहिरात त्या रात्रीचीच असेल, याची मात्र खात्री देता येत नाही.

घरोघरी व्हिडिओ कॅसेटी होत्या तेव्हा असा प्रश्नच नव्हता. मुद्रित केलेल्या सामन्यात जाहिरातीही कायमच्या येत. इंटरनेटवरून येणाऱ्या थेट प्रक्षेपणाची गोष्ट वेगळी. ते एकसंध फितीसारखे नसते; काही सेकंदांचे लहान लहान तुकडे आणि ते कोणत्या क्रमाने दाखवायचे याची यादी, असा तो मामला असतो. जाहिरातीची वेळ आली की प्रक्षेपणात एक अदृश्य खूण टाकली जाते. पुढे तेच मुद्रण दाखवताना खुणांमधले तुकडे यादीतून वगळायचे आणि नवे बसवायचे. खूण नसेल तर काम अवघड होते. कोपऱ्यातले वाहिनीचे चिन्ह नाहीसे झाले, आवाज चढला किंवा क्षणभर पडदा काळा झाला, यांवरून संगणकाला जाहिरात ओळखावी लागते. अंदाज चुकला, तर जुन्या जाहिरातीचे शेपूट मागे राहते किंवा नव्या षटकाचा पहिला चेंडूच कापला जातो.

यात गैर काय, असे कोणी विचारील. दिवाळीच्या सवलतीची जाहिरात होळीला दाखवून कोणाचा फायदा? मुदत संपलेली जाहिरात बदलणे हा सरळ व्यवहार आहे आणि त्याच्या पैशांवरच आपल्याला सामना स्वस्तात पाहायला मिळतो. दूरदर्शननेही १ जानेवारी १९७६ पासून जाहिराती स्वीकारल्या; तेव्हापासून आपला आणि जाहिरातीचा संसार सुरूच आहे.

शिवाय काही जाहिराती जायलाच हव्यात. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर कायद्याने बंदी घातली. त्याआधीच्या सामन्यांच्या मुद्रणात मात्र अशा जाहिराती ठासून भरलेल्या आहेत. घरातली दहा-बारा वर्षांची मुले ते सामने पाहतात. त्या जाहिराती गाळणे हे कर्तव्यच म्हटले पाहिजे.

पण जाहिरात केवळ मध्यंतरातच असते असे नाही. ती सीमारेषेवर असते, खेळाडूच्या छातीवर असते, कधी स्पर्धेच्या नावातच असते. २०२० च्या आयपीएलचे मुख्य प्रायोजकत्व ड्रीम ११ कडे होते. ते नाव कसे पुसणार? आणखी मागे जा. १९९६ च्या विश्वचषकाचे नावच मुळी ‘विल्स वर्ल्ड कप’. बंगळूरच्या उपान्त्यपूर्व सामन्यात व्यंकटेश प्रसादने आमिर सोहेलचा त्रिफळा उडवला तो क्षण याच स्पर्धेतला. पुढे २००३ च्या कायद्याने तंबाखूच्या जाहिराती बंद झाल्या, हे योग्यच झाले. आज संगणकाच्या साह्याने चित्रातले फलकही बदलता येतात. युरोपातल्या फुटबॉलमध्ये एकाच सामन्यात वेगवेगळ्या देशांतल्या प्रेक्षकांना वेगवेगळे फलक दाखवले जातात. मग १९९६ चे मैदानही धुऊन स्वच्छ करायचे काय?

इथे थांबायला हवे. एकेकाळी या देशात सिगारेटच्या नावाने विश्वचषक भरत असे, हे नातवंडांना कळले पाहिजे. शीतपेयांच्या दोन कंपन्या त्याच स्पर्धेत कशा एकमेकींशी झुंजल्या, यातही नुकत्याच खुल्या झालेल्या बाजारपेठेचा इतिहास आहे. कपिल देवच्या १९८३ मधल्या नाबाद १७५ धावांचे चित्रीकरणच उपलब्ध नाही, याची हळहळ आपण अजून करतो. नसलेल्या चित्राबद्दल निदान हळहळता तरी येते. गुपचूप बदललेल्या चित्राची तर शंकाही येत नाही.

दुसरा प्रश्न आजचा आणि घरातला आहे. यादीतले तुकडे बदलता येतात, म्हणजे ते प्रत्येक घरासाठी वेगळे बसवता येतात. एकच सामना पाहताना आजोबांच्या मोबाइलवर गुडघ्यांचे औषध, नातवाच्या मोबाइलवर महागडे बूट आणि शेजाऱ्यांकडे कर्जाचे आमिष! पूर्वी एखादी जाहिरात फसवी वाटली, तर चाळभर तिची चर्चा होई. कारण ती सर्वांनी पाहिलेली असे. १९८५ पासून जाहिरात मानक परिषद सामान्य प्रेक्षकांच्या तक्रारी ऐकते. पण जी जाहिरात शेजाऱ्याने पाहिलीच नाही आणि जी उद्या त्याच मुद्रणात आपल्यालाही पुन्हा सापडणार नाही, तिच्याविषयी तक्रार करायची तरी कशी?

म्हणून मागणी साधी असावी. मध्यंतरातली जाहिरात खुशाल बदला. पण ती मागाहून घातली आहे, हे पडद्यावर लिहा. कोणती जाहिरात कोणत्या मुद्रणात केव्हा दाखवली, याची नोंद कोणालाही पाहता येईल अशी ठेवा. खेळ चालू असतानाच्या चित्राला हात लावू नका. त्यात आज बंदी असलेले काही दिसत असेल, तर आधी सूचना द्या. आणि प्रत्येक मोठ्या प्रक्षेपणाची एक मूळ प्रत, जाहिरातींसकट, सार्वजनिक संग्रहात जपून ठेवा.

या गोष्टी कायद्याने होतील तेव्हा होवोत. तोवर आई-वडिलांनी एवढे तरी करावे : मुलाबरोबर जुना सामना पाहताना अधूनमधून त्याच्या मोबाइलवर कोणती जाहिरात येते, तेही पाहावे. धावफलक दोघांसाठी एकच असला, तरी जाहिरात एकच असेल असे नाही.